जंताची गोळी शाळेत सरसकट का?

रानवारा: काल इथे एका ताईंनी लिहिलं, "माझ्या मुलाला जंत नाहीत. आधी तपासा, मग गोळी द्या." राहवलं नाही. शाळाभर पोरांची शी गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, तर गोळीच्या कैक पट खर्च येतो. म्हणून २०१५ पासून जंतनाशक दिनाला १ ते १९ वयाच्या सगळ्यांना अल्बेंडाझोल देतात, दोन वर्षांच्या आतल्यांना अर्धीच गोळी. फरशीवर वाढलेल्या पोराला नसतीलही जंत. वीटभट्टीवर अनवाणी फिरणाऱ्याच्या तळव्यातून अंकुशकृमी शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो. पोरगं पांढरं पडतं आणि घरचे म्हणतात आळशी आहे!

नीलम_पुणे: त्या ताई म्हणजे मीच. २०१३ला उत्तर प्रदेशातल्या १० लाख लहान मुलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. दर सहा महिन्यांनी गोळी देऊनही मृत्यूंत म्हणावा असा फरक नाही. आणि पालकांना विचारायला काय होतं?

रानवारा: केनियाच्या बुसियात गोळीनंतर शाळा बुडवणं कमी झालं, ते नाही दिसलं?

नीलम_पुणे: त्याच आकडेमोडीवर २०१५मध्ये केवढा वाद झाला, तेही वाचा.

कोकणची_माई: आम्हाला आजी वावडिंग द्यायची. गूळ जास्त खाल्ला की जंत होणारच.

रानवारा: माई, गुळातून अंडी येत नाहीत हो. मातीतून येतात, नखांतून, न धुतलेल्या भाजीतून.

झेडपी_मास्तर: माती म्हणालात म्हणून बोलतो. गोळ्या आम्हीच वाटायच्या, नोंदी आम्हीच ठेवायच्या, त्या दिवशी राहिलेल्यांना मॉप-अपला, म्हणजे नंतरच्या ठरलेल्या दिवशी, पुन्हा आम्हीच गाठायचं. खिचडी, मतदार यादी आहेच. शिकवायचं कधी? आमच्या शाळेतल्या संडासाला पाणी नाही. पोरं ओढ्याकडे जातात. आज गोळी दिली, जंत पडले. तीच पोरं उद्या त्याच मातीत.

सिस्टर_विदर्भ: मास्तर, आम्ही आशाताईंबरोबर उन्हात घरोघरी फिरतो, ते काय हवा खायला? वर्षातले दोन दिवस जड जातात तुम्हाला?

झेडपी_मास्तर: दोन दिवस? या एकदा आमच्या ऑफिसात, कागद मोजायला! पगारावर घसरू नका म्हणजे झालं.

सिस्टर_विदर्भ: पगाराचं मी काढलंच नव्हतं. तुम्हीच काढलंत.

नीलम_पुणे: संडासाचं मास्तर बोलले ते माझ्याच बाजूचं आहे.

रानवारा: तुमच्या बाजूचं कसं? तुम्हाला गोळी नको, त्यांना गोळी आणि पाणी दोन्ही हवंय.

झेडपी_मास्तर: माझ्या तोंडी काही घालू नका. माझ्या पुतणीच्या पोटातून वीतभर जंत पडला होता, मी गोळी नको कशाला म्हणेन? पाणी द्या म्हणतोय.

नीलम_पुणे: बरं बाई, द्या गोळ्या. आदल्या दिवशी वहीत एक ओळ तरी लिहून पाठवा, एवढं जमेल ना शाळेला?

झेडपी_मास्तर: लिहितो की. पालक वही उघडतात कुठे?