रानातल्या मुक्कामात क्वीअर गोष्टी: सांगणाऱ्यावर ओझे न टाकता आपलेपणा कसा यावा?

रानवेध (धागाकर्ता)

क्वीअर, म्हणजे समलैंगिक, पारलिंगी अशा व्यक्तींसाठी जंगलात आणि डोंगराळ भागात काही दिवसांचे मुक्काम भरवणाऱ्या एका लहान गटात मी काम करतो. दिवसा चालायचे, झाडे-पाखरे ओळखायची आणि रात्री सगळ्यांनी गोल करून बसायचे व ज्याला त्याला आपली गोष्ट सांगू द्यायची, असा आमचा क्रम आहे. येणाऱ्यांपैकी अनेकांना आपल्यासारखी माणसे एवढ्या संख्येने प्रथमच भेटलेली असतात, त्यामुळे या बैठकीचे मोल मी जाणतो. तरीही अलीकडे एक बाब मला सलते आहे.

रात्रीच्या गोष्टी हळूहळू एकाच साच्याच्या होऊ लागल्या आहेत. आपण वेगळे आहोत हे केव्हा कळले, घरी केव्हा सांगितले, त्यानंतर काय सोसावे लागले, एवढेच बोलले जाते. पहिल्याने घर सुटल्याची हकिकत सांगितली की आपलेही दुःख तेवढ्याच वजनाचे आहे हे दाखवावे असे दुसऱ्याला वाटते, आणि ज्याच्या वाट्याला तसे काही आले नाही तो संकोचून गप्प बसतो. मागच्या मुक्कामात एक पारलिंगी मैत्रीण दुपारभर ओढ्यात उभी राहून दगड उलटून पाहत होती. एका दगडाच्या खालच्या अंगाला तिला एक अळी सापडली. वाळूचे कण आणि काडीचे तुकडे रेशमासारख्या धाग्याने जोडून ती अळी स्वतःभोवती नळी बांधते. नळीत कुठे जाड कण आहेत आणि कुठे बारीक, हे ती आम्हाला इतक्या तन्मयतेने दाखवत होती की तिच्या आवाजातले नेहमीचे दबलेपण पार गेले होते. रात्री बैठकीत मात्र तिने अनेकदा सांगून गुळगुळीत झालेली आपली हकिकत चार वाक्यांत सांगितली आणि मान खाली घालून बसून राहिली.

माझे प्रश्न दोन आहेत. रानात आल्यावर माणसाला जे मोकळेपण मिळते ते रात्रीच्या गोष्टींत उतरावे यासाठी बैठकीची मांडणी कशी बदलावी? आणि ‘प्राण्यांमध्येही समलैंगिक वर्तन असते, म्हणजे आपण नैसर्गिकच आहोत’ हा धागा आमच्या बोलण्यात वारंवार येतो. काहींना त्याने फार धीर येतो, तर काहींना अवघडल्यासारखे होते. त्याचे काय करावे?

सागरपक्षी

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे. प्राण्यांच्या गोष्टी जरूर सांगाव्यात, पण त्या पूर्ण सांगाव्यात.

जॉर्ज मरे लेव्हिक हा ब्रिटिश शोधक रॉबर्ट स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमेतला डॉक्टर १९११-१२ मध्ये केप अडेअर येथे अडेली पेंग्विनांचे निरीक्षण करत होता. नरा-नरांमधले संबंध त्याने पाहिले आणि ते पाहून तो इतका हादरला की आपल्या वहीतल्या काही नोंदी त्याने ग्रीक लिपीत केल्या, जेणेकरून त्या कोणालाही सहज वाचता येऊ नयेत. परतल्यावर १९१५ मध्ये या विषयावरची छोटी पुस्तिका सुमारे शंभर प्रतींत छापली गेली, तीही ‘प्रसिद्धीसाठी नाही’ असा शेरा मारून. पुढे ती विस्मरणात गेली आणि २०१२ मध्ये पुन्हा प्रकाशात आली. ज्याला ‘निसर्ग’ म्हणून आपल्यासमोर ठेवले गेले ती शतकभर गाळून घेतलेली गोष्ट होती, हे तुमच्या बैठकीत कोणीतरी सांगायलाच हवे. मात्र त्याच पानांवर त्याने नरांची जबरदस्ती आणि मेलेल्या माद्यांशी केलेले वर्तनही नोंदवले आहे. पहिली नोंद आपल्या बाजूचा पुरावा म्हणून घ्यायची आणि दुसरी झाकून ठेवायची, असे प्रामाणिकपणे करता येत नाही.

लेसन अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याचे उदाहरण मला अधिक आवडते. ही मादी वर्षाला एकच अंडे घालते, तरीही काही घरट्यांत दोन अंडी दिसत आणि निरीक्षक बुचकळ्यात पडत. नर आणि मादी दिसायला सारखेच असल्यामुळे खुलासा होत नव्हता. हवाईतल्या ओआहू बेटावरच्या वसाहतीत डीएनए तपासणी झाली आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथल्या ३१ टक्के जोड्या दोन माद्यांच्या निघाल्या. त्या वसाहतीत माद्या नरांपेक्षा जास्त आहेत. पिल्लू वाढवायला दोन पक्षी लागतात, कारण एक अंड्यावर बसतो तेव्हा दुसऱ्याला दूर समुद्रावर खाद्यासाठी जावे लागते. अशा जोड्यांना नर-मादीच्या जोडीपेक्षा कमी यश मिळते, पण एकट्या मादीला जे अजिबात शक्य नाही ते त्यांना साधते. ही गोष्ट कारणांसकट सांगितली तर ऐकणाऱ्याला कुतूहल वाटते. ‘बघा, तेही आपल्यासारखेच’ एवढेच सांगितले तर पक्षी बाजूला पडतो आणि माणसाचे समर्थन तेवढे उरते.

समर्थनासाठी पक्ष्यांची गरजही नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३७७ ने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ अशी भाषा वापरून माणसांना गुन्हेगार ठरवले, म्हणून उत्तरही निसर्गातून द्यावे असे आपल्याला वाटते. पण ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून बाहेर काढले ते समानता, प्रतिष्ठा आणि खासगीपणाच्या हक्कांच्या आधारावर. विदूषक माशांच्या गटातली मादी मेली की तिचा नर मादी होतो. हे अद्भुत आहे, आणि कोणाला पारलिंगी म्हणून जगण्याचा हक्क आहे की नाही याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

कातळवाट

मी अनेक वर्षे अशा गटांबरोबर वाटाड्या म्हणून चालते आहे. तुमचा पहिला प्रश्न मला मांडणीचा वाटतो, आणि मांडणी बदलता येते.

गोल करून बसवले की प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे सगळे पाहत असतात. ज्याने आयुष्यभर लोकांच्या नजरा चुकवल्या आहेत त्याच्यासाठी ही बैठक कितीही प्रेमाची असली तरी ती परीक्षाच असते. मी पाहिलेल्या सर्वांत मोकळ्या गोष्टी चालताना, पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत सांगितल्या गेल्या आहेत. चढावर दम लागतो, म्हणून बोलणाऱ्याला थांबण्याचे निमित्त मिळते. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून त्याला काय वाटले असेल याची धास्ती नसते. आणि मध्येच एखादे पाखरू उडाले तर विषय सोडून देता येतो. म्हणून दुपारच्या चालीत दोघादोघांच्या जोड्या करा, विषय देऊ नका, आणि रात्रीची बैठक ऐच्छिक ठेवा.

रात्री बसलात तर मला उपयोगी पडलेला प्रघात असा: प्रत्येकाने दिवसभरात जिथे तो बराच वेळ रमला अशा एका जागेबद्दल बोलायचे. ती जागा कशी होती, तिथे काय दिसले, तिथे किती वेळ गेला. स्वतःबद्दल बोलायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. तुमच्या मैत्रिणीने त्या अळीबद्दलच बोलायला हवे होते, आणि त्यात तिची गोष्ट आली नाही असे म्हणायचे कारण नाही. पहिल्या रात्री ‘आज मी ऐकतो’ हे उत्तर स्वतः वाटाड्यानेच द्यावे, म्हणजे गप्प राहण्याला मान मिळतो. बैठकीत ऐकलेले दुसऱ्याच्या परवानगीवाचून बाहेर, समाजमाध्यमांवर किंवा पुढच्या मुक्कामात सांगायचे नाही, हेही पहिल्याच संध्याकाळी स्पष्ट करावे.

एक महत्त्वाची बाब मात्र गोष्टींच्या आधीची आहे. माणूस शरीराने निर्धास्त नसेल तर तो मनाने कुठेच पोचत नाही. तंबू कोणाबरोबर हवा हे प्रत्येकाला खासगीत विचारा आणि मग वाटणी करा. छाती घट्ट बांधणारा बाइंडर घालून चढणाऱ्यांना खोल श्वास घेता येत नाही. चढाच्या दिवशी सैल पर्याय वापरावा आणि झोपताना तो काढावा, हे आधीच्या सूचनापत्रात लिहा, म्हणजे वाटेत कोणाला सर्वांसमोर सांगावे लागणार नाही. संप्रेरकांची इंजेक्शने घेणाऱ्याला सुया टाकण्यासाठी घट्ट झाकणाचा कडक डबा लागतो, तो गटाच्या प्रथमोपचार पेटीत असावा. अंघोळीच्या जागेची आणि शौचाच्या वाटेची पाळी ठरवताना आडोसा किती आहे हे स्वतः जाऊन बघून या. ही कामे ज्या मुक्कामात नीट झाली होती तिथे रात्रीच्या बैठकीला वेगळे वळण आपोआप मिळाले, असा माझा अनुभव आहे.

जुनी_पाने

पूर्वीही अशी माणसे रानाच्या आधाराने एकमेकांशी बोलत आली आहेत, हेही मुक्कामात सांगावे. अमेरिकेत १९७४ पासून खेड्यापाड्यांतल्या समलैंगिक पुरुषांचे ‘आरएफडी’ नावाचे त्रैमासिक निघत आले आहे. महानगरातच आपले आयुष्य शक्य आहे या समजुतीला त्याने छेद दिला.

मला अधिक जवळचे वाटते ते निसर्गलेखिका रेचल कार्सन आणि तिची मैत्रीण डोरोथी फ्रीमन यांचे नाते. मेन राज्यातल्या साउथपोर्ट बेटावर त्या उन्हाळ्यापुरत्या शेजारी होत्या. १९५३ मध्ये त्यांची भेट झाली आणि कार्सनच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९६४ पर्यंत, त्या एकमेकींना सतत पत्रे लिहीत राहिल्या. ओहोटीला खडकांत साचलेल्या पाण्यातले जीव पाहत त्यांचा सहवास घडला. काही पत्रे त्यांनी स्वतःच नष्ट केली, आणि या नात्याला आजचा कोणता शब्द लावावा यावर अभ्यासकांचे एकमत नाही. सप्टेंबर १९६३ मध्ये, कर्करोग बळावलेला असताना, कार्सनने डोरोथीबरोबर मोनार्क फुलपाखरांचे स्थलांतर पाहिले आणि नंतर तिला पत्र लिहिले. ही फुलपाखरे परतणार नाहीत हे ठाऊक असूनही त्या दृश्याचे आपल्याला दुःख वाटले नाही, असे सांगत तिने स्वतःच्या येऊ घातलेल्या मृत्यूबद्दल मन मोकळे केले. जे थेट बोलणे कठीण होते त्याला एका सकाळच्या निरीक्षणातून वाट मिळाली. कातळवाट यांनी सुचवलेल्या प्रघाताला यापेक्षा चांगला आधार मला सुचत नाही.

सावध

वरचे सगळे पटते, पण एका बाबीचा उल्लेख झालेला नाही. रान सगळ्यांना मोकळे करत नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन ट्रेल या लांबलचक पायवाटेवर चालणाऱ्या, एकमेकींच्या प्रेयसी असलेल्या दोघींवर एका माणसाने गोळ्या झाडल्या. त्यांच्यापैकी एकीचा तिथेच मृत्यू झाला आणि दुसरी जबर जखमी अवस्थेत कित्येक किलोमीटर चालून मदतीपर्यंत पोचली. माझ्या पिढीतल्या कित्येकांच्या मनात निर्जन वाटेचा अर्थ असाच रुतलेला आहे. शांततेत त्यांचे कान टवकारलेले असतात, आणि त्यांना ‘किती मोकळे वाटते ना’ असे विचारले की ते खोटे हसतात. तुमच्या बैठकीत रानाची भीती सांगायलाही जागा असावी, आणि भीती सांगणाऱ्याला लगेच समजावू नये.

शिवाय तुम्ही ज्याला निर्जन म्हणता तिथे बहुधा कोणाचे तरी पिढ्यान्‌पिढ्यांचे येणे-जाणे असते. त्या लोकांना आपण कोण आहोत हे सांगायचे की नाही, सांगायचे तर कोणी, हे गटाने आधी ठरवावे. आपलेपणाची भाषा बोलताना त्या भूमीवरच्या माणसांना वगळून चालणार नाही.

रानवेध (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या मुक्कामात गोल बैठक पहिल्या दोन रात्री ठेवणारच नाही आणि दुपारी जोड्यांनी चालण्याचा क्रम ठेवतो. सागरपक्षी, तुमची परवानगी असेल तर लेव्हिकच्या वहीची गोष्ट, तिच्या अप्रिय भागासकट, मी सांगेन.

एक प्रश्न उरतो. आमच्या नोंदणी अर्जात आणीबाणीच्या वेळी संपर्क करायच्या व्यक्तीचे नाव लागते. बहुतेक जण आईवडिलांचे नाव लिहितात, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच आईवडिलांना हा मुक्काम कोणासाठी आहे याची कल्पना नसते.

कातळवाट

अर्जात तीन रकाने करा: कोणाला फोन करायचा, त्या व्यक्तीला काय ठाऊक आहे, आणि फोनवर गटाची ओळख काय म्हणून द्यायची. आम्ही ‘निसर्ग शिबिर’ एवढेच सांगतो, जे खरेही आहे. फोनवर दुसऱ्याच नावाने किंवा दुसऱ्या लिंगाने उल्लेख करावा लागणार असेल तर तेही तिथेच लिहून घ्या. दुसरे नाव मैत्रिणीचे किंवा जोडीदाराचे घ्या आणि पहिला फोन त्यांनाच करायचा की घरच्यांना, हे त्या व्यक्तीकडूनच ठरवून घ्या. हा कागद दोनच जणांकडे ठेवा, तोही न भिजणाऱ्या पाकिटात, आणि मुक्काम संपला की ज्याचा त्याला परत द्या.