१२ मीटर गाळ्याच्या कैचीला खालचा टाय ५०×५०×६ चा पुरेल का?

द्राक्षशेड:
नाशिकजवळ द्राक्षांच्या पॅकिंगसाठी शेड उभी करायची आहे. रुंदी १२ मीटर, लांबी ३० मीटर, पागोळीपर्यंत उंची ६ मीटर. दर ५ मीटरवर एक अशा ७ कैच्या, म्हणजे छत पेलणारे त्रिकोणी लोखंडी सांगाडे. उतार ५ ला १, म्हणजे मधली उंची १.२ मीटर. खालच्या टायला, म्हणजे कैचीच्या तळाच्या आडव्या दांड्याला, पाठीला पाठ लावून ५०×५०×६ मिमीचे दोन अँगल, मध्ये ८ मिमी गसेट (सांध्याची प्लेट).

पत्रा, पर्लिन (पत्र्याखालचे आडवे दांडे) आणि कैची मिळून ०.२५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर आणि छताचा लाइव्ह लोड (येता-जाता भार) ०.७२ धरला. सुरक्षेसाठी १.५ ने गुणल्यावर टेकूजवळच्या टायमध्ये सुमारे १९२ किलोन्यूटन ताण येतो. दोन अँगलची यील्डिंगची (लोखंड कायमचं ताणलं जाण्याआधीची) ताकद १,१३६ × २५० ÷ १.१, म्हणजे २५८ किलोन्यूटन. तरीही ड्रॉइंग तपासणाऱ्यांनी ६५×६५×६ आणि टायला आडवे रनर (कैच्या एकमेकींना बांधणारे दांडे) मागितले आहेत. फॅब्रिकेटर म्हणतो टाय ताणातच असतो, जास्तीचं लोखंड कशाला? कोणाचं बरोबर?

कैची_आणि_गाळा:
तपासणाऱ्यांचं. तुमच्या हिशोबात वारा नाही, आणि हलक्या पत्र्याच्या छतावर निर्णायक भार बहुतेक वेळा वाऱ्याचाच असतो. तो छत दाबत नाही, वर ओढतो. छत उचललं गेलं की टायमधला ताण उलटून दाब होतो.

आकडे मांडतो. आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे नाशिकचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद. मोकळं रान, उंची १० मीटरच्या आत, सगळे गुणक १ धरले तर दाब ०.६ × ३९², म्हणजे ०.९१ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. कैचीसाठी डिझाइन दाब त्याच्या ०.७ पटीखाली नेता येत नाही, म्हणून ०.६४. वारा आढ्याच्या दिशेने वाहताना दोन्ही उतारांवर बाहेरून ०.८ ची ओढ. भिंतींना ५ ते २० टक्के उघडी जागा असेल तर आतून ०.५ चा रेटा. एकूण १.३.

आता ०.९ डेड (छताचं स्वतःचं वजन) आणि १.५ वारा हे कॉम्बिनेशन घ्या: १.५ × १.३ × ०.६४ वजा ०.९ × ०.२५, म्हणजे १.०२ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, वरच्या दिशेने. कैचीवर ५.१ किलोन्यूटन प्रति मीटर. पॅनल १.५ मीटरचे धरले तर मधल्या टायमध्ये सुमारे ७७ आणि टेकूजवळ १३४ किलोन्यूटन दाब.

आता ५०×५०×६ ची जोडी आडव्या दिशेने पाहा. रेडियस ऑफ जायरेशन (वाकण्याला विरोध दाखवणारं माप) २३.९ मिमी. रनर नसतील तर लांबी अख्खी १२ मीटर, स्लेंडरनेस (लांबी भागिले हे माप) ५०२. वाऱ्याने दाब येणाऱ्या ताणाच्या मेंबरला आयएस ८०० (पोलादी बांधकामाचं भारतीय मानक) ची मर्यादा ३५० आहे. म्हणजे बळ मोजण्याआधीच तो बाद. दर ३ मीटरवर रनर घातला तरी ताकद साधारण ८९ किलोन्यूटनच भरते, लागतात १३४. ६५×६५×६ ला त्याच रनरवर सुमारे १५५ मिळतात.

अँगलचं जास्तीचं वजन १६८ मीटर × १.३ किलो, म्हणजे सगळ्या ७ कैच्या मिळून २१८ किलो. एवढ्यासाठी छत धोक्यात घालू नका.

दोन अँगलना एकत्र धरणाऱ्या टॅकिंग प्लेटाही दाबाच्या हिशोबाने लागतील. ताणात १,००० मिमी अंतर चालतं. इथे ५०० मिमीच्या पुढे जाऊ नका, नाहीतर एकेकटा अँगल त्याच्या कमकुवत अक्षावर आधी वाकेल.

सांधा_पक्का:
रनरबद्दल दोन गोष्टी, कारण नेमकी इथेच गल्लत होते. दोन कैच्यांमधल्या ५ मीटरच्या गाळ्यात ६५ चा एकटा अँगल रनर म्हणून घातला तर स्लेंडरनेस ३९० च्या पुढे जातो, तो दाब घेऊच शकत नाही. बाहेरून ७६.१ मिमी, ३.२ मिमी जाडीचा पाइप घ्या. १९५ च्या आसपास बसतो. आणि रनर कुठेतरी अडला पाहिजे. दोन्ही टोकांच्या गाळ्यांत टायच्या पातळीवर क्रॉस ब्रेसिंग नसेल तर सातही टाय एकाच दिशेला एकत्र सरकतात. मग रनर असून नसल्यासारखे.

कैची दोन तुकड्यांत आणून जागेवर जोडणार असाल तर मधला सांधा बोल्टचा करा. साइट वेल्डला सुरक्षा गुणक १.५, कारखान्यातल्या वेल्डला १.२५, त्यामुळे ६ मिमी फिलेट वेल्डची ताकद प्रति मिमी ०.८० वरून ०.६६ किलोन्यूटनवर येते. उंचीवर वाऱ्यात केलेलं वेल्ड नीट तपासताही येत नाही.

६५ च्या अँगलच्या बाजूत एम२० बोल्ट घालू नका. भोक २२ मिमी, कडेचं अंतर किमान ३३ लागतं, आणि ३५ च्या गेजवर (कोपऱ्यापासून भोकाचं अंतर) उरतं ३०. एम१६ घ्या, भोक १८. ४.६ ग्रेडचा एक बोल्ट डबल शिअरमध्ये (दोन ठिकाणी कातर घेत) ५८ किलोन्यूटन घेतो. मधल्या टायला गुरुत्वभारात ११० चा ताण आहे. दोन बोल्ट अगदी काठावर, म्हणून प्रत्येक बाजूला तीन.

पाया_आधी:
वर ओढणारं बळ शेवटी पायात उतरतं. प्रत्येक खांबाला ५.१ × ६, म्हणजे सुमारे ३१ किलोन्यूटन. ०.९ गुणक धरून नुसत्या काँक्रीटने तोलायचं तर जवळपास १.४ घनमीटर लागेल. फुटिंगवरच्या मातीचं वजन धरता येतं, पण भरणी थराथराने कुटलेली असेल तरच. अँकर बोल्ट तुटण्याआधी काँक्रीटमधून उपटून येऊ शकतात. म्हणून खोली आणि खालची प्लेट दोन्ही ड्रॉइंगमध्ये लिहून घ्या. बेसप्लेटखालचं (खांबाच्या तळप्लेटखालचं) ग्राउट, म्हणजे भरणीचा मसाला, पत्रा चढवण्याआधी भरून झालं पाहिजे.

द्राक्षशेड:
आता उलगडा झाला. एकच राहिलं: ट्रक लावायला एका भिंतीत मोठी दारं आहेत, हंगामात ती दिवसभर उघडी असतात.

कैची_आणि_गाळा:
मग हिशोब बदलतो. उघडी जागा २० टक्क्यांच्या वर गेली तर आतला रेटा ०.५ ऐवजी ०.७. टेकूजवळचा दाब १३४ वरून १५९ होतो आणि ३ मीटरवरच्या रनरला ६५×६५×६ थोडक्यात कमी पडतो. दोन्ही टेकूंपासून १.५ मीटरवर एकेक जादा रनर घाला; ताकद २०० च्या पुढे जाते, अँगल तोच राहतो. दारांची मापं तपासणाऱ्यांना आजच कळवा, पर्लिन आणि पत्र्याचे स्क्रूही त्याच रेट्यावर पुन्हा तपासावे लागतील.