मदत हवी आहे: एकाच धमनीचा व्यास एमआरमध्ये 1.7 आणि सीटीमध्ये 2.3 मिलीमीटर कसा?

सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांच्या (वय 63) तपासण्यांबद्दल शंका आहे. उपचार न्यूरोलॉजिस्टकडे चालू आहेत आणि सल्लाही त्यांचाच मानणार आहोत. मला फक्त अहवालांतील आकड्यांचा अर्थ लावायचा आहे.

चक्कर येण्याच्या तक्रारीवरून गेल्या महिन्यात त्यांची एमआर अँजिओग्राफी (एमआरआय यंत्राने धमन्यांची चित्रे घेण्याची तपासणी) झाली. उजवी व्हर्टिब्रल धमनी (मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्यांपैकी एक) ‘हायपोप्लास्टिक’, म्हणजे मूळचीच बारीक, असून तिचा व्यास 1.7 आणि डावीचा 3.9 मिलीमीटर आहे, असे अहवालात लिहिले होते. पंधरा दिवसांनी दुसऱ्या केंद्रात डाय देऊन सीटी अँजिओग्राफी केली, तेव्हा उजवी 2.3 भरली आणि शेरा आला ‘डावी डॉमिनंट, नॉर्मल व्हेरिएंट’, म्हणजे डावी धमनी मोठी, पण हा निरोगी माणसांतही आढळणारा फरक. एका कागदावर जो दोष वाटतो, तोच दुसऱ्या कागदावर नुसता वेगळेपणा ठरतो, त्यामुळे घरात गोंधळ उडाला आहे.

वाचनातून कळले ते असे की साधारण निम्म्या लोकांत डावी व्हर्टिब्रल धमनी उजवीपेक्षा मोठी असते आणि दोन्ही सारख्या असणारे जेमतेम चौथाई भरतात. टॉमस विलिस यांनी 1664 मध्ये वर्णन केलेले मेंदूच्या तळाशी असलेले धमन्यांचे कडेदेखील पुस्तकातील आकृतीइतके पूर्ण असे बहुसंख्य माणसांत आढळत नाही. त्यातच ‘हायपोप्लास्टिक’ कशाला म्हणायचे याची एकच सीमा नाही. कोणी 2 मिलीमीटरखाली मानतात, कोणी 2.5, तर कोणी 3. म्हणजे 2.3 हा आकडा व्याख्येनुसार इकडचा किंवा तिकडचा होतो.

मोजमापाबद्दल माझा तर्क असा आहे. डाय न देता केलेल्या एमआरमध्ये वाहत्या रक्तामुळेच धमनी उजळ दिसते, म्हणून बारीक धमनीत, विशेषतः भिंतीलगत, प्रवाह मंद असेल तर ती आहे त्याहून अरुंद दिसू शकते. शिवाय चित्रबिंदूच अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास असेल, तर दोन मिलीमीटरची धमनी म्हणजे चारच बिंदू झाले, मग 0.6 चा फरक एखाद्या बिंदूइतकाच उरतो. हा तर्क बरोबर आहे का?

दुसरे असे की मोजणी नेमकी कोठे घेतली, हे दोन्ही अहवालांत नाही. मानेत आणि कवटीत शिरल्यावर धमनीची जाडी सारखी राहत नाही, विशेषतः लहान मेंदूकडे फाटा दिल्यानंतर ती पुष्कळदा निमुळती होते. तेव्हा जागा कळल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ आहे का?

तिसरी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. धमनी जन्मतः बारीक असेल तर त्या बाजूची मणक्यांतील छिद्रेही बहुधा लहान असतात, असे वाचले. तसे असेल तर ती मूळची बारीक आहे की नंतर आजाराने अरुंद झाली, याचा अंदाज सीटीच्या त्याच सीडीवरून, नवी तपासणी न करता, येऊ शकेल का? रेडिओलॉजिस्टना अशी विनंती करणे रीतीला धरून आहे का?

वडील पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले असल्याने त्यांचे म्हणणे असे की नळीचा व्यास अर्धा झाला तर, दाब तोच असताना, पाणी सोळाव्या हिश्शावर येते. मी त्यांना सांगितले की दोन्ही व्हर्टिब्रल धमन्या पुढे एकाच बॅसिलर धमनीत मिळतात, त्यामुळे मोठी डावी बाजू ही तूट भरून काढू शकते. त्यांचे समाधान झालेले नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची भेट आहे. त्याआधी जाणकारांनी उत्तर दिल्यास प्रश्न नीट मांडता येतील.