केळीच्या वाणाचे स्थैर्य केवळ राशीवरून (घडाच्या वजनावरून) ठरवावे का?

प्रश्न (उद्यानविद्येची विद्यार्थिनी):
नमस्कार. रावेर, अर्धापूर आणि वसई येथे बसराई, श्रीमंती, अर्धापुरी आणि ग्रँड नैन या वाणांच्या नोंदी मी घेतल्या आहेत. सरासरी राशीत ग्रँड नैन पुढे दिसतो. मात्र रावेरच्या नोंदवहीत वादळाने मोडलेल्या झाडांपुढे वजनाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे आणि ती झाडे मी सरासरीतून वगळली आहेत. ठिकाण बदलले तरी वाणाचे उत्पादन किती स्थिर राहते, हे मोजणारी एबरहार्ट-रसेल यांची १९६६ ची पद्धत यावर लावता येईल का?

उत्तर १:
ताई, पद्धतीच्या आधी त्या रेघेचा निकाल लावा. चोरीला गेलेल्या घडाची नोंद गहाळ मानता येईल, पण वादळात झाड मोडणे हा वाणाच्या उंचीचा आणि बुंध्याच्या ताकदीचा परिणाम असल्यामुळे तिथे शून्यच लिहायला हवे. समजा, एका वाणाच्या १०० झाडांपैकी ८० उभी राहिली आणि रास २५ किलो पडली, तर लावलेल्या झाडामागे २० किलोच मिळाले. दुसऱ्याची ९५ झाडे २२ किलोंनी कापली गेली, तर २०.९ किलो मिळाले. पडलेल्या झाडालाही शेतकऱ्याने खतपाणी दिलेले असते. बुटकी बसराई अशा हिशेबात वर सरकली, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

उत्तर २:
यात काळही धरावा. २४ किलोंचा घड १५ महिन्यांनी कापला तर महिन्याला १.६ किलो पडतात, २० किलोंचा १२ महिन्यांनी कापला तर १.६७. शिवाय खानदेशात मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) ही दोन वेगळी पर्यावरणे मानावीत, कारण ऐन थंडीत निसवणाऱ्या, म्हणजे घड बाहेर टाकणाऱ्या, झाडाचा घड शेंड्याच्या पोग्यातच अडकण्याचा धोका असतो. एबरहार्ट-रसेल पद्धतीत प्रत्येक ठिकाण किती अनुकूल आहे, हे सांगणारा निर्देशांक याच चार वाणांच्या सरासरीवरून निघतो. इतक्या थोड्या वाणांवर आणि तीनच ठिकाणांवर काढलेल्या उताराला (ठिकाण सुधारले की वाणाचे उत्पादन किती वाढते, त्या दराला) मी फारसे वजन देणार नाही. त्यापेक्षा ठिकाणागणिक वाणांचा क्रम बदलतो का, हे आधी पाहा.

उत्तर ३:
पहिल्या पिकावर थांबू नका. दक्षिण नायजेरियात भाजीच्या केळीचे पहिले पीक चांगले येते, पण शेतातल्या खोडव्यात (कापणीनंतर त्याच बुंध्याच्या पिलांपासून येणाऱ्या पुढच्या पिकात) सूत्रकृमी व सोंडकिडा यांचा उपद्रव आणि सेंद्रिय पदार्थांची घट यांमुळे उत्पादन झपाट्याने खाली येते. घरामागच्या परसात मात्र, राख आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा सतत पडत असल्याने, तीच केळी वर्षानुवर्षे टिकते. वसईत भाजीच्या केळीच्याच गटातल्या राजेळीची झाडे शेजारी असतील, तर त्यांच्याही नोंदी जरूर घ्या.

विद्यार्थिनी:
सर्वांचे मनापासून आभार. लागवड, निसवण आणि कापणीच्या तारखा माझ्याकडे झाडनिहाय आहेत, त्यामुळे दिवसांचा हिशेब जमेल. खोडव्याच्या नोंदी फक्त अर्धापूरच्या असल्याने त्या वेगळ्या तक्त्यात ठेवते, आणि रावेरच्या रेघांपैकी वादळाच्या कोणत्या, हे मूळ वहीवरून तपासून तिथे शून्य भरते.