अकरावीतून ला शातेलिए मागे ठेवा, आधी क्यू आणि के शिकवा

दांडियाबझारकर
मत आधी सांगतो, मग तुटून पडा. रासायनिक समतोल शिकवताना ला शातेलिएचा नियम शेवटी यावा. आधी क्यू, म्हणजे या क्षणी उत्पादितांच्या आणि अभिकारकांच्या आंशिक दाबांचं (मिश्रणात प्रत्येक वायूच्या वाट्याच्या दाबाचं) गुणोत्तर, प्रत्येक दाब समीकरणातल्या आकड्याच्या घातात; आणि के, म्हणजे समतोलावर त्याच गुणोत्तराची किंमत. 'बदल केला की समतोल त्याला विरोध करतो' हे पोरं मंत्रासारखं म्हणतात. माझ्या ट्यूशनमध्ये मी विचारतो: अमोनियाच्या समतोलात (नायट्रोजन + ३ हायड्रोजन ⇌ २ अमोनिया) तापमान आणि एकूण दाब कायम ठेवून नायट्रोजन वाढवला तर? सगळे एका सुरात, 'अमोनिया वाढेल.' पण मिश्रणातले निम्म्याहून जास्त रेणू आधीच नायट्रोजनचे असतील तर उलट अमोनिया मोडतो! दाब कायम म्हणजे घनफळ वाढणार, हायड्रोजन आणि अमोनिया दोघांचेही आंशिक दाब पडणार. हायड्रोजनचा छेदात घन, अमोनियाचा अंशात फक्त वर्ग. क्यू हा के-च्या वर जातो, अभिक्रिया मागे फिरते. मंत्रातून हे निघत नाही.

अलकापुरीची आई
गुजकेटला, म्हणजे गुजरातच्या प्रवेश परीक्षेला, भौतिक आणि रसायन मिळून १२० मिनिटांत ८० प्रश्न. तिथे घन-वर्ग करत बसायचं का? नियम दोन सेकंदांत उत्तर देतो.

निवृत्त शिफ्टवाला
सर, उदाहरण खरं, पण कागदावरचं. बाजव्याकडच्या खत कारखान्यात आम्ही लूपमध्ये (वायू फिरवत ठेवणाऱ्या बंद वाटेत) हायड्रोजन-नायट्रोजन ३:१ च्या आसपास धरायचो. नायट्रोजन निम्म्यावर जायचा प्रश्नच नव्हता. तिथे ला शातेलिए पुरतो: दाब वाढवा, अमोनिया गार करून काढत राहा.

माझी तक्रार वेगळी आहे. नवी पोरं समतोल आणि वेग यांची खिचडी करतात. २५ अंशांना केपी (आंशिक दाबांत मांडलेला के) काही लाखांत असतो (दाब बारमध्ये), म्हणजे जवळपास सगळाच अमोनिया व्हायला हवा. होत काहीच नाही, नायट्रोजनचा तिहेरी बंध तुटतच नाही. म्हणून लोखंडाचा कॅटॅलिस्ट आणि ४००-५०० अंश. तिथे केपी दहा-हजारांशाच्या आसपास किंवा त्याहून खाली, एका फेरीत साधारण १५-२० टक्केच रूपांतर, उरलेला वायू परत कन्व्हर्टरला, म्हणजे अभिक्रिया होते त्या पात्राला. कॅटॅलिस्टने के हलत नाही, हे इंजिनियर झालेल्यांनाही सांगावं लागायचं.

फतेगंज_एमएस्सी
काका, खिचडी त्या मंत्रामुळेच होते. 'उष्मादायी (उष्णता बाहेर टाकणारी) आहे, तापवलं तर मंदावेल' असं वर्गात सर्रास लिहितात. तापवल्यावर दोन्ही दिशांचे वेग वाढतात. उलट अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया सुरू व्हायला लागणारी ऊर्जा) जास्त, म्हणून तिचा वेग जास्त पटीने वाढतो आणि के घसरतो.

निवृत्त शिफ्टवाला
मग दोष शिकवण्याचा, नियमाचा कशाला? पर्जचंच घ्या. लूपमध्ये आर्गॉन-मिथेन साचले की उत्पादन पडतं, थोडा वायू सोडून द्यावा लागतो. ऑपरेटर त्या घटकेला क्यू मांडत नाही.

दांडियाबझारकर
पण कारण क्यूच देतो, काका! कायम दाबाखाली निष्क्रिय वायू साचले की तिन्हींचे आंशिक दाब पडतात, क्यू वर जातो. बंद टाकीत, घनफळ कायम ठेवून, तेवढाच आर्गॉन भरा, समतोल ढिम्म हलणार नाही. 'दाब वाढला म्हणजे कमी रेणूंकडे' म्हणणारा पोरगा नेमका इथे मार खातो. आणि ताई, क्यू मांडायला एकच ओळ लागते, दीड मिनिट पुष्कळ झालं.

अलकापुरीची आई
काका, पर्ज करून सोडलेल्या त्या वायूतल्या हायड्रोजनचं काय? आणि सर, रविवारच्या बॅचला जागा आहे का?