वॉटर पार्कात कपड्याची लांबी मोजायची की कापड बघायचं?

रेवस_ते_रेडी
एक पोस्ट सध्या कोकणातल्या सगळ्या गटांत फिरतेय. मे महिन्यात चाकरमानी आणि पर्यटक वॉटर पार्कात तोकडे कपडे घालतात, सहकुटुंब जायची सोय राहिली नाही; तेव्हा देवळासारखा फलक लावा, बायकांना खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे सक्तीचे करा, नाहीतर फाटकातूनच परत पाठवा, असं तिच्यात म्हटलंय. खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली आहे.

त्या पोस्टमध्ये पुरुषांबद्दल एक अक्षर नाही. भिजलेली पांढरी बनियन आणि आतली चड्डी एवढ्यावर वेव्ह पुलात, म्हणजे कृत्रिम लाटांच्या तलावात, उतरणारे कोणाला दिसतच नाहीत का? सिद्धिविनायक न्यासाने जानेवारी 2025 मध्ये पोशाखाचा नियम केला, तो देवळाचा. तिथे प्रश्न श्रद्धेचा आहे. वॉटर पार्कात प्रश्न पाण्याचा, घसरगुंडीचा आणि पंपाचा आहे. ‘अंगभर’ म्हणून सुती पंजाबी ड्रेस, ओढणी, साडी घालून बायकांना पाण्यात उतरवलंत तर अपघात तुम्हीच घडवाल. नियम हवाच, पण तो कापडाचा आणि शिवणीचा हवा, आणि बाई-पुरुष दोघांना सारखा हवा.

खळ्यातला_कोकणी
ती पोस्ट मी पुढे पाठवली होती, म्हणून उत्तर देतो. तुम्ही मूळ विषय पंपात बुडवताय. हे पार्क ‘फॅमिली’ म्हणून जाहिरात करतात, शाळांच्या सहली आणतात, महिला मंडळांच्या बसेस आणतात. काठावर आजी नातवंडांना घेऊन बसलेली असते. तिला संकोच वाटू नये ही व्यवस्थापनाची जबाबदारी नाही? शेतात, लग्नात, मयताला, देवळात आपण वेगवेगळे कपडे घालतोच ना. मग इथे मर्यादा सांगितली की लगेच मागासलेपणाचा शिक्का कशाला? नाडीने बांधायचे टू-पीस कुटुंबाच्या जागी चालणार नाहीत, यावर मी ठाम आहे.

पंपहाऊस
दोघांनाही यंत्रणा ठाऊक असावी म्हणून लिहितो, कारण नियम तिथूनच येतो.

तलावातलं पाणी आधी केस-धागे अडवणाऱ्या जाळीतून जातं, मग पंप, मग वाळूचा फिल्टर. फिल्टरमधली वाळू साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते. सुती कापडाचा तंतू सुटतो, जाळी भरते, पंपाला पाणी कमी पडतं आणि तो हवा ओढायला लागतो. जाळीतून निसटलेला बारीक तंतू वाळूवर थर धरतो. स्वच्छ फिल्टरच्या दाबापेक्षा काटा 8 ते 10 पीएसआय (दाबाचं एकक) वर गेला की बॅकवॉश करावाच लागतो. पाणी उलटं फिरवायचं, नळीवरच्या बघायच्या काचेत पाणी नितळ दिसेपर्यंत दोन-तीन मिनिटं चालू ठेवायचं, मग थोडा वेळ रिन्स, म्हणजे सरळ दिशेने धुणं. हे सगळं पाणी गटारात जातं. जुलैत धो धो पाऊस असतो तेव्हा कोणाला त्याचं काही वाटत नाही. मे महिन्यात शेजारच्या वाडीत टँकर येत असतो आणि इथे गर्दीमुळे बॅकवॉश रोजचा होतो. सुती कपड्यांनी भरलेला तलाव म्हणजे वाडीच्या वाट्याचं पाणी गटारात सोडणं आहे.

दुसरं, क्लोरीन. मोकळा क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भागांत एवढे भाग) आणि पीएच 7.2 ते 7.8 राखायचा असतो. कपड्यातला घाम, साबणाचा अंश, लाल मातीची धूळ पाण्यात आली की क्लोरीन तिथेच खर्ची पडतो आणि क्लोरामाइन तयार होतात. डोळे चुरचुरतात, उग्र वास येतो. लोक म्हणतात क्लोरीन जास्त झाला. खरं तर बहुतेक वेळा मोकळा क्लोरीन कमी पडलेला असतो.

तिसरं, स्लाइड. फायबरच्या स्लाइडवर जेलकोटचा, म्हणजे वरच्या गुळगुळीत लेपाचा, थर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. जीन्सचा रिव्हेट, झिप, हुक, सेफ्टी पिन यांनी चरे पडतात. चरा खोल गेला की काचेचे तंतू उघडे पडतात आणि मागून येणाऱ्याच्या पाठीला कुसळासारखे टोचतात. मग 400 पासून 1200 नंबरपर्यंत पॉलिश पेपर, वर मेणाचं पॉलिश, आणि तेवढा वेळ स्लाइड बंद. सैल कपडा पाण्याचा पातळ थर शोषून घेतो, माणूस मध्येच अडकतो आणि वरून सोडलेला दुसरा येऊन त्याच्या पाठीवर आदळतो. सैल टी-शर्ट वर सरकून तोंडावर येतो. ओढणी गळ्याभोवती किंवा हाताभोवती आवळते. म्हणून नायलॉन किंवा पॉलिस्टरचं, अंगाला बसणारं कापड. खांदे-गुडघे झाकलेले आहेत की नाहीत याच्याशी स्लाइडला देणंघेणं नाही.

तारकर्लीचो
पंपहाऊस, तुमी सांगतास ता बराबर असा. पण रेवेचा कोण बोलणा नाय. लोका सकाळी दर्यात डुबतत, थंयसून तशेच भिजक्या हाफ पँटीन पार्कात घुसतत. खिशात मूठभर रेव असता. ती स्लाइडवर गेली काय पॉलिश पेपरासारखी घासता. फाटकार गोड्या पाण्याचो शॉवर ठेवा, खिसे उलटे करून झाडूक लावा. कपडे आखूड की लांब ता मागसून बगा.

शिवणयंत्र
कापडाचं निघालंच आहे तर ‘अंगभर’ कपड्यांचा गैरसमज काढून टाकते. फिकट सुती किंवा रेयॉन भिजलं की अंगाला चिकटतं आणि आरपार दिसतं. गुडघ्याखाली आलेली पांढरी लेगिंग भिजल्यावर गुडघ्यावरच्या गडद स्विमसूटपेक्षा जास्त दाखवते. पोस्ट लिहिणाऱ्यांना जे टाळायचं आहे, तेच त्यांच्या नियमाने होणार आहे.

कापड 80 टक्के नायलॉन आणि 20 टक्के लायक्रा (ताणणारा धागा), किंवा पॉलिस्टरमधलं, चारी बाजूंनी ताणणारं घ्यावं. क्लोरीनमध्ये पॉलिस्टर जास्त टिकतं. रंग गडद, पुढे अस्तर हवंच. तपासायची सोपी रीत म्हणजे कापड ओलं करून ताणायचं आणि वर्तमानपत्रावर ठेवायचं. अक्षरं वाचता आली तर ते कापड नको. शिवण ओव्हरलॉक किंवा फ्लॅटलॉक हवी. साधी सरळ शिवण कापड ताणलं की तुटते, आणि ती स्लाइडवरच तुटते. चेन हवीच असेल तर प्लॅस्टिकची आणि आतून पट्टी लावलेली.

नाडीच्या टू-पीसबद्दल खळ्यातला_कोकणी दादांशी मी सहमत आहे, पण कारण वेगळं. उभ्या उताराच्या स्लाइडवर शेवटी पाण्याचा जोर अंगावर येतो, गाठ सुटते. घोटे एकमेकांवर, हात छातीवर हे तिथे सांगतात ते याच जोरामुळे. ही गोष्ट लाजेची धरायची तर धरा, मी ती कपड्याच्या बांधणीची धरते. आणि उन्हाचं म्हणाल तर पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा स्विमसूट मे महिन्यात पोरांना आणि मोठ्यांना दोघांना बरा. तो घालावासा वाटला पाहिजे, घालायला लावू नये.

खळ्यातला_कोकणी
ताई, कारण कोणतंही असो, नाडीवाले बंद हे तुम्हीही मानलंत. लांबीबद्दल मात्र तुम्ही सगळे गप्प आहात. आणि संस्कृती हा शब्द उच्चारायची बंदी झाली आहे का?

रेवस_ते_रेडी
बंदी कोण घालतंय? पण कोणत्या संस्कृतीचं मोजमाप लावायचं तेवढं सांगा. आपल्या किनाऱ्यावरचा कोळी सुरका, म्हणजे कमरेचा रुमाल, लावून उघड्या अंगाने रापणीचं जाळं ओढत आला. भातलावणीच्या वेळी बाया लुगडं गुडघ्याच्या वर खोचून चिखलात उभ्या राहतात. त्यात कोणाला उघडेपणा दिसला नाही, कारण कामाला ते कपडे लागतात हे सगळ्यांना कळत होतं. पाण्यात उतरणंही तसंच आहे. अंग तेच, पाणी तेच, फक्त तिकीट काढून आलेल्या बाईच्या बाबतीत तुमची नजर बदलते. याचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

खळ्यातला_कोकणी
नजरेवर आलात म्हणजे मुद्दे संपले. कष्टाच्या कपड्यांची तुलना मौजेच्या कपड्यांशी करून कष्टकऱ्यांचा अपमान करू नका.

केळशी_खाडी
नजरेचाच मुद्दा आहे, दादा. कायद्याचंही जरा बघू. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका रिसॉर्टवरच्या छाप्याच्या प्रकरणात गुन्हा रद्द केला. तोकडे कपडे आणि नाच एवढ्यावरून भारतीय दंड संहितेच्या कलम 294 खालचं अश्लील कृत्य ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. 1 जुलै 2024 पासून त्याच विषयाचं कलम भारतीय न्याय संहितेत 296 आहे. खासगी पार्क स्वतःचा पोशाखाचा नियम करू शकतो, पण ‘पोलिसांना बोलावू’ ही भाषा त्या पोस्टमध्ये होती ती निराधार आहे.

खरा गुन्हा वेगळाच असतो. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराखालची फट, वरची उघडी जागा, आणि तिथे मोबाइल. न्याय संहितेचं कलम 77 त्यासाठी आहे; पहिल्याच दोषसिद्धीला एक ते तीन वर्षांची कैद. दाराखालची फट बुजवणं, वरती छत, आत कडी आणि खुंटी, बाहेर महिला कर्मचारी, तलावाच्या काठावर मोबाइलला मनाई, एवढं मागा. बाईच्या गुडघ्यापेक्षा हे जास्त गरजेचं आहे.

वाडीतला_माणूस
सगळं खरं, पण नायलॉनचा सूट सगळ्यांकडे कुठे असतो? काउंटरवर भाड्याने घ्यायला सांगतात. कालच्या माणसाने घातलेला ओलसर सूट आज दुसऱ्याच्या अंगावर. त्यावर कोणी बोलत नाही!

शिवणयंत्र
यावर बोललंच पाहिजे. लायक्राला कडक पाणी सोसत नाही. साधारण 40 अंशांच्या वर गेलं की ताण मरतो, आणि बुरशीचे बीजाणू मारायला 60 अंशांचं धुणं लागतं. त्यामुळे भाड्याचा सूट नीट निर्जंतुक करायचा तर तो लवकर सैल पडतो, आणि सैल पडू नये म्हणून कोमट धुतला तर नायट्याची भीती राहते. ब्लीच घातलं की दोन्हीकडून नुकसान.

पंपहाऊस
त्यात आपली हवा. जून ते सप्टेंबर दोरीवरचं कापड दिवसभरात वाळत नाही. ओला सूट घडी करून रॅकवर ठेवला की आंबट वास येतो, काळे ठिपके पडतात. स्पिनरमध्ये पाणी काढून, पंख्याखाली, सावलीत, एकेक वेगळा टांगला तरच जमतं. जेवढे सूट दिवसाला जातात त्याच्या किमान दुप्पट साठा हवा, म्हणजे आजचा सूट उद्या पूर्ण विश्रांतीला. ओला सूट हातात दिला तर घेऊ नका, पैसे परत मागा.

वाडीतला_माणूस
अनामत रक्कम परत देताना ‘डाग पडला’ म्हणून कापतात ते वेगळंच.

केळशी_खाडी
घेण्याआधी काउंटरवरच मोबाइलने सूटचा पुढून-मागून फोटो काढा आणि पावतीवर ‘डाग आधीचा’ लिहून घ्या. नुसता तोंडी वाद टिकत नाही.

शिवणयंत्र
वरचेवर भाडं भरलं की नव्याची किंमत निघते. बचत गटांनी हे शिवायला घ्यावं असं मला मनापासून वाटतं. साधं शिवणयंत्र चालेल, पण गोल टोकाची बॉलपॉइंट सुई 75 किंवा 80 नंबरची, पॉलिस्टर धागा, आणि झिगझॅग टाका. साध्या टोकाची सुई लायक्राला भोकं पाडते. जाड शरीराच्या बायकांसाठी मोठे आकार काउंटरवर नसतात, आणि मग त्या सुती गाऊन घालून काठावर बसतात.

खळ्यातला_कोकणी
इतकं वाचून एवढंच म्हणतो. सुती आणि साडीचा आग्रह मी सोडतो. तो जिवावर बेतणारा आहे हे मला कळलं नव्हतं. पुरुषांची बनियन-चड्डीही बंद झाली पाहिजे, तेही मान्य. कपडे बदलायच्या खोल्यांचं मी आमच्या मंडळातर्फे लिहून देईन. पण वेव्ह पुलाच्या काठावर, जेवायच्या जागेत ओल्या स्विमसूटवर फिरू नये, वर टॉवेल किंवा कुर्ता घालावा, हे माझं मत कायम आहे.

रेवस_ते_रेडी
जेवायच्या जागेत टॉवेल, हे मीही म्हणेन. ओल्या कपड्यांनी फरशी निसरडी होते आणि ताट घेऊन माणसं पडतात. काठावर मात्र नाही. पाण्यातून बाहेर आलेल्या बाईने चार पावलांसाठी कुर्ता शोधायचा, ही सक्ती मला मान्य नाही, आणि बाप्यांना ती लावायचं तुम्ही अजूनही म्हटलेलं नाही.

खळ्यातला_कोकणी
बाप्यांनाही. लिहा तसं.

वाडीतला_माणूस
शिवणयंत्र ताई, मोठ्या आकाराला कापड किती लागेल? पूर्ण बाह्या, गुडघ्यापर्यंत.

शिवणयंत्र
60 इंच पन्ह्याचं असेल तर अडीच मीटर धरा, अस्तर वेगळं. आणि छातीचं माप घेताना टेप घट्ट ओढू नका. या कापडात ओलं झाल्यावर सैल पडायची सवय असते, म्हणून मापातून एक ते दोन इंच कमी करूनच बेतायचं.