आई-बाबा दोघंच शिकागोला: विमान लेट झालं, मार्ग बदलला तर? मदत हवी आहे

शाहूपुरीकर: आई-बाबा (वय ६६ आणि ७१) ऑक्टोबरात कोल्हापूरहून निघतील. मुंबईतून रात्रीचं विमान, युरोपात बदल, मधे अडीच तास. कोल्हापूर-मुंबई विमानाचं तिकीट वेगळं काढावं म्हणतो. मधे घोळ झाला तर त्यांनी काय करायचं? एवढा प्रवास मजेत होईल का?

उजळाईवाडी: वेगळं तिकीट आधी डोक्यातून काढा. पीएनआर (बुकिंग नंबर) दोन असले की कोल्हापूरच्या विमानाला झालेला उशीर पुढच्या कंपनीचा प्रश्न राहत नाही. ती 'नो-शो' (प्रवासी आलाच नाही) लावते आणि बहुधा परतीचं तिकीटही जातं. एका पीएनआरवर मिळत नसेल तर आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघा. सकाळी मुंबई, दिवसभर आराम, रात्री विमान.

अडीच तासही कमीच. मुंबईतच तासभर गेला की युरोपात धावपळ, आणि या वयात पळायचं कुणी? चार तास तरी ठेवा.

मार्ग बदलला तर नवा बोर्डिंग पास हातात पडेपर्यंत काउंटर सोडायचा नाही. तिथेच विचारून घ्यायचं: बॅगेचा टॅग कुठपर्यंत आहे? व्हीलचेअर नव्या तिकिटावर आली का? शाकाहारी जेवण? (हे हमखास गळतं. ते साधारण २४ तास आधी नोंदवावं लागतं.) शिकागोऐवजी आधी न्यूयॉर्कला उतरवलं तर इमिग्रेशन तिथेच, आणि बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतात. शिकागोपर्यंतचा टॅग असला तरी.

रात्र काढायची वेळ आली तर हॉटेल विमानतळाच्या आत मागा. अमेरिकेच्या व्हिसावर युरोपातल्या बहुतेक देशांत शहरात जाता येत नाही.

रंकाळा_काठ: वरचं सगळं बरोबर, फक्त पोटाचं राहिलं. केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही विरळ हवा. पोटातला वायू फुगतो. निघायच्या दिवशी मिसळ नको, मटकी-हरभरा नको, सोडाही नको. दशम्या, लाडू चालतील. लोणचं, तिखट, मसाला चेक-इनमध्ये. सुकं खोबरं मात्र कुठेच नको.

औषधं तीन दिवस पुरतील एवढी, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. पॉवर बँकही तिथेच: २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, मर्यादा १०० ची.

आता मजा. आईल सीट (वाटेच्या कडेची) घ्या, दर दीड-दोन तासांनी उठून फेरी मारता येते. विमानात बसल्याबरोबर घड्याळ शिकागोच्या वेळेवर. जेवण आलं म्हणून खायचं नाही, तिथे रात्र असेल तर झोपायचं. मराठी नाटकं, कीर्तनं फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, विमानतळाच्या वायफायवर भरवसा नको.

शाहूपुरीकर: बॅगच आली नाही तर?

उजळाईवाडी: विमानतळ सोडण्याआधी बॅगेज काउंटरवर पीआयआर (बॅगेच्या तक्रारीचा फॉर्म) भरून नंबर घ्यायचा. बॅग फुटली असेल तर लेखी तक्रार ७ दिवसांत. उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. बॅगेचा फोटो आणि टॅगचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. आणि दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत थोडे थोडे वाटून भरा.